‘नोंद घेण्याजोगी घटना नाही’: टेकडीच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या टेकडीचा कारभार पाहणारे माननीय साहेब,

विषय: टेकडीवरचे दोन्ही राखणदार कमी केल्याबाबत.
संदर्भ: फाटकावर लावलेली आपली नोटीस. जावक क्रमांक देता येत नाही, नेमकी त्यावरच चिकटपट्टी आली आहे.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पत्रात टेकडीचं नाव नाही, शहराचंही नाही. मी 31 वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. असं पत्र बाहेर पडलं की चौकशी कोणाची लागते हे मला ठाऊक आहे. साहेबांची लागत नाही. पत्रात ज्याच्याबद्दल दोन शब्द चांगले असतात त्यालाच बोलावून विचारतात, ‘बाईंना माहिती कोणी दिली?’ तुम्हाला तुमची टेकडी ओळखू येईल. इतरांना आपापली वाटली तरी हरकत नाही.

नोटिशीत तुम्ही लिहिलं आहे की गेल्या तीन वर्षांत टेकडीवर नोंद घेण्याजोगी घटना घडलेली नसल्याने रोजंदारीवरच्या दोन राखणदारांची आवश्यकता उरलेली नाही. 1 फेब्रुवारीपासून सहा कॅमेरे आणि एका एजन्सीचा सुरक्षारक्षक ही व्यवस्था पाहतील. ते वाक्य मी फाटकाशी उभी राहून तीनदा वाचलं. आमच्या वॉर्डात महिनाभर एकाही पेशंटला बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम, झाला नाही, म्हणून कुशीवर वळवणाऱ्या आयांना घरी पाठवा, असं कोणी म्हणालं असतं तर मेट्रनबाईंनी त्याला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

घटना घडल्या नाहीत हे तुम्हाला कळलं कुठून? नोंदी कोणी वाचल्या? कारण नोंदी आहेत, आणि त्या माझ्याकडे आहेत. ज्यांना आम्ही सगळे ‘मामा’ म्हणतो ते 19 वर्षं चौकीत राहून गस्त घालायचे आणि शाळेच्या दोनशेपानी वहीत रोजचं लिहायचे. चौकीला कुलूप लागलं त्या दिवशी 11 वह्या रद्दीत निघाल्या होत्या. किलोच्या भावाने मी त्या विकत घेतल्या. एजन्सीच्या पोराने सुट्टे नाहीत म्हणून वर एक तुटकी बॅटरीही दिली.

गेल्या तीन वर्षांतल्या काही ओळी जशाच्या तशा देते:

‘रा. 9. मोटारसायकल 3, पार्टी. उठवले. बाटल्या 7 खाली आणल्या.’

‘स. 6.15. मांज्यात पिंगळा. सोडवला. उडाला.’

‘दु. 2. खाण. पोरे 5. बाहेर काढली. एकाची आई आली.’

‘धूर. गेलो. विडी. विझवली.’

चारही ठिकाणी काही घडलं नाही. खाणीतली पोरं घरी गेली, म्हणून ती पेपरात आली नाहीत. दगड काढून सोडून दिलेल्या खाणीत पावसाचं पाणी साठतं, वरून ते हिरवंगार आणि शांत दिसतं, कडा मात्र सरळ तुटलेल्या असतात. पोहता येणाऱ्यालाही बाहेर यायला धरायला काही नसतं. आषाढ-श्रावणातल्या रविवारी मामा जेवणाचा डबा घेऊन तिथेच बसायचे. ‘धोका’ असं लिहिलेला तुमचा फलकही तिथे आहे. त्यावर पोरं कपडे वाळत घालतात.

आता माझा स्वतःचा संबंध सांगते, म्हणजे ही बाई इतकी का पेटली आहे ते कळेल. 2018 च्या जुलैत माझ्या धाकट्या भावाचा मुलगा आमच्याकडे आला होता. संध्याकाळी त्याला टेकडीवर घेऊन गेले. खाणीच्या वरच्या अंगाला त्याने गवतात पाय टाकला आणि कुकरची शिट्टी फुटावी तसा आवाज आला. घोणस. उजव्या घोट्याच्या वर दोन थेंब रक्त. आयुष्यभर सर्पदंशाचे पेशंट पाहिलेली मी, आणि माझे हात असे थरथरत होते की पाण्याची बाटली उघडेना. शेजारच्या एका गृहस्थांनी रुमाल काढून पिंडरीला करकचून बांधायला घेतला. तेवढ्यात मामा आले. म्हणाले, ‘साहेब, सोडा ते. सिस्टर, तुम्ही पोराशी बोलत राहा.’ त्यांनी आधी पोराच्या पायातला काळा दोरा कापला, बूट काढला, त्याला आडवं केलं आणि एक पाऊलही चालू दिलं नाही. खिशातलं बॉलपेन काढून त्याच्या हातावर वेळ लिहिली: 5.40. चौकीतून घोंगडी आणि दोन बांबू आणले. फाटकापर्यंत चौघांनी पंचवीस मिनिटांत खाली आणलं, रिक्षा आधीच बोलावून ठेवलेली होती.

दोर आवळून काळानिळा झालेला पाय, ब्लेडने चिरलेली जखम, मांत्रिकाकडे गेलेले चार तास, हे मी वॉर्डात इतकं पाहिलं आहे की त्या संध्याकाळी मामांनी काय केलं यापेक्षा काय करू दिलं नाही याचं मोल मला जास्त वाटतं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते, पण ती वेळेत शिरेतून जावी लागते, आणि टेकडीच्या माथ्यावर शीर शोधायला कोणी नसतं. मामांना हे कोणी शिकवलं? कधीतरी झालेल्या एका दिवसाच्या शिबिराने. घोणशीचं विष मूत्रपिंडावर जातं. पोरगा नऊ दिवस दवाखान्यात होता. आज नाशिकला नोकरी करतो आणि दिवाळीला मामांना फोन करतो. ही गोष्ट 2018 ची, म्हणजे तुमच्या तीन वर्षांच्या हिशोबात बसत नाही, हे मान्य.

आता तक्रारी.

पहिली तारखेची. आपल्या राज्यात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानतात, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. तुम्ही माणसं काढलीत 1 फेब्रुवारीला. जानेवारीच्या शेवटी मामा आणि त्यांचे जोडीदार जाळरेषा काढायचे: गवताचा पट्टा कापून, गोळा करून, वारा पडलेला असताना सकाळी स्वतः उभं राहून जाळायचा, म्हणजे पुढे आग आली तरी तिला ओलांडायला गवत मिळत नाही. यंदा कापणी अर्धी झाली होती. कापलेलं गवत तसंच ढिगांनी पडून राहिलं. वाळलेल्या गवताचे ढीग, ओळीने! जाळरेषेची वातच झाली.

होळीच्या आधीच्या रविवारी दुपारी आग लागली. कोणी लावली मला माहीत नाही, उगाच कुणाचं नाव घेणार नाही. मी घराच्या गच्चीवरून धूर पाहिला आणि फाटकावर गेले. तिथला पोरगा म्हणाला, ‘मावशी, मला फाटक सोडायची परमिशन नाही.’ खोटं बोलत नव्हता, त्याने मला कागद दाखवला. अग्निशमनची गाडी आली, पण ती फाटकापर्यंतच येऊ शकते, पुढे पायवाट आहे. शेवटी कॉलेजची दहा-बारा पोरं आणि आम्ही तीन म्हाताऱ्या करंजाच्या ओल्या डहाळ्या घेऊन झोडपत राहिलो, तेही चुकीच्या बाजूने. मामा आगीच्या तोंडाला कधी जात नसत. आधी मूठभर माती उडवून वारा बघायचे, मग कडेने मागे जाऊन बगला बंद करत आणायचे. आम्ही तोंडाला गेलो. एका मुलीच्या भुवया जळाल्या, एवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पट्ट्यातून चालले. काळ्या राखेवर गोगलगायींचे शंख पांढरेशुभ्र पडलेले, शेकड्यांनी, कोणी चुरमुरे उधळावे तसे. एका खोलगट जागी टिटवीची चार अंडी, तडकलेली. टिटवी वरून ओरडत होती, अजून. तुमच्याच वृक्षारोपणातल्या रोपांच्या प्लास्टिकच्या जाळ्या वितळून खोडांना चिकटल्या होत्या. एवढंच म्हणते की तुमच्या पुढच्या नोटिशीत ही ‘नोंद घेण्याजोगी’ धरावी.

दुसरी तक्रार कॅमेऱ्यांची. मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही. पण सहापैकी चार वाटेवर रोखलेले आहेत, एक फाटकावर, एक तुमच्या नव्या कमानीवर. गवतावर एकही नाही. पडद्यासमोर कोण बसतं हे कोणी सांगत नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे उपग्रहावरून येणारे वणव्याचे इशारे मोठ्या जंगलांना उपयोगी पडतात, पण तो उपग्रह आमच्या डोक्यावरून दिवसातून मोजक्या वेळा जातो, आणि त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 375 मीटर. आमच्या टेकडीवरची आग दुपारी सव्वातीनला लागून पाचपर्यंत संपते. ‘धूर. गेलो. विझवली.’ या तीन शब्दांतला मधला शब्द कॅमेऱ्याला जमत नाही.

तिसरी गोष्ट अधिकाराची. एजन्सीचा मुलगा बिचारा बारा तास उभा असतो, लांबच्या जिल्ह्यातून आला आहे, त्याला स्वच्छतागृह नाही, बसायला खुर्ची नाही. त्याच्यावर माझा राग नाही. पण राखीव वनात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे, आणि अशा गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार कलम 64 वनाधिकाऱ्याला आणि पोलिसाला देतं. एजन्सीच्या गणवेशाला देत नाही. मामांनाही रोजंदार म्हणून तो नव्हता, पण त्यांचा एक फोन गेला की वनरक्षक येऊन गुन्हा नोंदवायचा. आता त्या एका वनरक्षकाकडे तीन टेकड्या आहेत, शिवाय कचेरीतली टपाल-टिपणी. मागच्या महिन्यात त्याला मी एकदाच पाहिलं, तेही मोटारसायकलवर, फायली पोटाशी धरून.

चौथी गोष्ट लिहायला जरा जड जाते. टेकडीवर जोडपी येतात. कुठे जातील? दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असतात. मामा त्यांना ‘लग्न झालंय का’ असं कधी विचारत नसत. सूर्य बुडायला आला की शिट्टी मारायचे आणि लांबूनच सांगायचे, ‘चला, अंधार होतोय, मोबाइल सांभाळा.’ आता खाकीसारख्या रंगाचे कपडे घातलेली दोन माणसं संध्याकाळी फिरतात, जोडप्यांना अडवतात, ‘घरी फोन लावू का’ म्हणतात आणि पैसे घेतात. ती माणसं तुमची नाहीत, मला माहीत आहे. पण तुमची माणसं तिथे नाहीत, म्हणून ती आहेत. पहाटे एकट्या फिरायला येणाऱ्या आम्ही सात-आठ बायका होतो. आता तिघी येतो, त्याही एकत्र.

मामा काही साधुपुरुष नव्हते, हेही लिहिते. त्यांच्या बहिणीच्या शेळ्या पश्चिमेच्या कोपऱ्यात चरायच्या आणि त्या दिवशीच्या वहीत नोंद नसायची. तिथल्या गवताची मी साक्षीदार आहे.

पाचवं, टेकडी म्हणजे काय याबद्दलची तुमची समजूत. दर पावसाळ्यात गवताळ उतारावर खड्डे मारून गिरिपुष्प आणि निलगिरी लावता. मोकळं गवत म्हणजे रिकामी जागा असा समज आहे. कुसळीच्या त्या गवतात रातवा आणि टिटवी जमिनीवर अंडी घालतात, चंडोल घालतो, तित्तिर घालतो. कुठे खड्डा मारायचा आणि कुठे नाही हे मामा मजुरांना दाखवायचे. चुन्याऐवजी दगड मांडून ठेवायचे, कारण चुना पावसात जातो. गिरिपुष्प मात्र त्यांनाही थांबवता आलं नाही. ती ऑर्डर वरून असते.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर व्हॉट्सअपवर एक व्हिडिओ फिरला: टेकडीवर बिबट्या. दोन तासांत फाटकावर दीडशे माणसं, काहींच्या हातात काठ्या. एकजण म्हणत होता, पिंजरा लावा. मामा ओल्या मातीतला ठसा बघायला गेले, आम्हीही मागे. त्यांनी काडीने दाखवलं: नखांच्या खुणा आहेत. मांजराच्या जातीतला प्राणी चालताना नखं आत घेतो. हे कुत्रं. गर्दी जरा हिरमुसून परत गेली.

हे किरकोळ नाही, साहेब. जुन्नरकडे 2001 नंतर शंभराहून अधिक बिबटे पकडून बरेचसे दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं की असं उचलून सोडल्याने माणसांवरचे हल्ले थांबत नाहीत, वाढू शकतात. त्याच काळात मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास बिबट्याच्या हल्ल्यांनी लोक हैराण झाले होते. साधारण 104 चौरस किलोमीटरचं ते रान, भोवती एवढं मोठं शहर. 2011 पासून तिथे वनखातं, अभ्यासक आणि रहिवासी यांनी मिळून जे केलं त्यात बंदूक-पिंजऱ्यापेक्षा बोलणं जास्त होतं: कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या, अंधारात पोरांना एकटं पाठवू नका, दिसला तर घेराव घालू नका. हे पाड्यापाड्यांत, सोसायट्यांत जाऊन कोणीतरी सांगावं लागतं. सांगणाऱ्याला लोक ओळखत असावे लागतात. तीन महिन्यांनी बदलणाऱ्या एजन्सीच्या माणसाचं ‘नखं बघा’ हे वाक्य त्या दीडशे माणसांनी ऐकून घेतलं असतं का?

दरवर्षी 11 सप्टेंबरला तुम्ही वन शहीद दिन पाळता, पुष्पचक्र वाहता. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामात पायी फिरणारी एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली, तेव्हा आम्हीही हळहळलो. आमच्या टेकडीवर वाघ नाही, त्यामुळे इथल्या माणसाला शहीद होण्याची सोय नाही. त्याला फक्त चार-चार महिने थकलेली मजुरी मिळायची. पायातले बूट आम्ही सकाळच्या लोकांनी वर्गणी काढून घेतले होते. बॅटरी त्याची स्वतःची. शिट्टी माझ्या नातवाची.

मागण्या साध्या आहेत.

दोन्ही राखणदारांना लगेच परत घ्या. हंगाम 15 जूनपर्यंत आहे, ‘पुढील आर्थिक वर्षात विचार करू’ हे उत्तर चालणार नाही. त्यांची थकलेली मजुरी चुकती करा, आणि पुढे ती महिन्याच्या महिन्याला द्या.

अर्धवट राहिलेली जाळरेषा आठवड्याच्या आत पूर्ण करा. ते ढीग उचलायला तर माणूस तज्ज्ञ लागत नाही. सांगा, आम्ही येतो.

टेकडीला स्वतंत्र वनरक्षक द्या, आणि तो इथे असेल तेव्हा त्याला टपालाच्या कामाला लावू नका.

राखणदारांना दरवर्षी प्रथमोपचाराचं आणि आगीचं प्रशिक्षण, बूट, बॅटरी, एक घडीचा स्ट्रेचर. सर्पदंशाचा भाग मी फुकट शिकवीन, माझ्याकडे वेळच वेळ आहे.

गणवेशावर फोटो आणि नाव असलेलं ओळखपत्र, म्हणजे खोटी खाकी कोणालाही ओळखता येईल. फाटकावर वनरक्षकाचा नंबर आणि 1926 ही वनखात्याची हेल्पलाइन ठळक लिहा. मामांनी ती खडूने लिहिली होती, कमान रंगवताना पुसली गेली.

कॅमेरे राहू द्यात. पडद्यासमोर कोण, किती ते किती, एवढं जाहीर करा. आणि वाटेवर दिवे लावायचा जो बेत ऐकते आहे तो आधी लोकांसमोर मांडा. रातव्याला उजेड नको असतो, आणि आम्हाला माणूस हवा आहे.

या पत्राच्या प्रती मी सकाळच्या मंडळींना वाटल्या आहेत, ज्यांना पुढे पाठवायचं ते पाठवतील. वह्या पाहायच्या असतील तर अवश्य या. दुपारी दोन ते चार सोडून कधीही. देणार मात्र नाही, पैसे मोजले आहेत. मामा सध्या एका बांधकामावर रात्रपाळीला आहेत. निरोप दिला की येतील, मी विचारून ठेवलं आहे. त्यांनी एकच गोष्ट विचारली, चौकीची किल्ली कोणाकडे आहे. मला सांगता आली नाही. तेवढंही कळवा.

उत्तर घरी पोस्टाने पाठवू नका. जिथे नोटीस लावली होती तिथेच, फाटकावर लावा. चिकटपट्टी जरा बाजूला लावली तर जावक क्रमांकही वाचता येईल.

आपली,
टेकडीवर रोज पहाटे येणारी
एक निवृत्त परिचारिका